तीन डावांचा नियम

पुण्यात बेसबॉल खेळतात हे पुण्यातल्याच लोकांना पटत नाही. मैदानावर सकाळी फिरायला आलेले एक आजोबा आमच्याकडे बराच वेळ बघत उभे होते. मी त्यांना हौसेने सगळा खेळ समजावून सांगितला. ते म्हणाले, "मग क्रिकेटच का खेळत नाही?" आणि निघून गेले. तेव्हापासून मी समजावणं सोडलंय, पण इथे थोडं सांगावंच लागेल. पिचर म्हणजे बॉल टाकणारा. कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवं बसून तो बॉल झेलणारा. क्रिकेटसारखं दर षटकाला बॉलर बदलायची इथे पद्धत नाही. एका मॅचमध्ये छोटे छोटे नऊ डाव असतात आणि पिचर एकदा सुरू झाला की थकेपर्यंत तोच टाकतो. आमच्याकडे थकल्यावरही तोच टाकतो आणि माझी सगळी चिडचिड त्याचीच आहे.

आमचा पिचर गणिताचा मास्तर आहे. कॉलेजात आम्ही एकाच वर्षी टीममध्ये शिरलो, तेव्हापासून तो टाकतो आणि मी झेलतो. आता दोघांनीही पन्नाशी ओलांडलीय. एके काळी त्याच्याबरोबर मॅच खेळून घरी जाताना मला स्कूटरचा क्लच दाबता येत नसे, त्याचे बॉल झेलून डावा तळहात इतका सुजलेला असे. स्वारगेटच्या सिग्नलला मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचो. हल्ली मॅच संपल्यावर तळहाताला काहीही झालेलं नसतं. मी क्लच आरामात दाबतो आणि तेव्हाच जास्त चिडतो.

गेल्या दिवाळीनंतर त्याचा उजवा खांदा कामातून गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, खेळणं थांबवा. आतला स्नायू अर्धा फाटलाय, पूर्ण फाटला तर ऑपरेशन, आणि त्यानंतरही हात पहिल्यासारखा होईलच असं नाही. हे मला त्याच्याकडून कळलं नाही. तो म्हणाला होता, "जरा आखडलाय." खरं काय ते त्याच्या बायकोने फोन करून सांगितलं. शाळेत तो हल्ली फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहितो, मागच्या बाकांवरच्या मुलांना उभं राहून उतरवून घ्यावं लागतं, हेही तिनेच सांगितलं. "अहो भावजी, माझं तर ऐकतच नाहीत. तुमचं तरी ऐकतील. काहीही करा, पण थांबवा त्यांना."

मी तिला हो म्हणून बसलो. त्याला एकट्याला गाठून तीन-चारदा सांगूनही पाहिलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर: "आधी हडपसरचा थांबू दे."

हडपसर म्हणजे आमचे प्रतिस्पर्धी. दर हिवाळ्यात आमची त्यांच्याशी तीन मॅचची मालिका असते. त्यांच्या पिचरचं हार्डवेअरचं दुकान आहे. घरची शेती होती, ती आता इमारतींखाली गेली. ते मास्तरपेक्षा वयाने मोठे. त्यांचाही वेग कधीच संपला, पण ते थांबत नाहीत, कारण म्हणे आमचा मास्तर थांबत नाही. दोन शहाणी माणसं, एकाला मुलगी लग्नाची, दुसऱ्याला नातू झालेला, आणि दोघंही एकमेकांकडे बघत अडून बसलेले. याला काय म्हणायचं ते मला सभ्य भाषेत सुचत नाही.

या वर्षी पहिल्या दोन मॅच एक-एक झाल्या. तिसरी रविवारी सकाळी, हडपसरच्या मैदानावर. मास्तर मॅचआधी कसलीशी गोळी घेऊन आला होता. या मोसमात तो हात वरून न आणता बाजूने, कमरेच्या जरा वरून टाकत होता. कोणी विचारलं तर "नवीन स्टाइल" म्हणायचा. तीन डाव त्याने निभावले. चौथ्या डावात त्यांनी त्याला मारायला सुरुवात केली. मी खेळ थांबवून त्याच्याकडे गेलो. कपाळावर घाम होता आणि चेहरा पांढरा पडलेला.

"बस कर आता," मी म्हणालो.

"जा, तुझ्या जागेवर जाऊन बस."

"अरे, दुखतंय तुला. दिसतंय मला."

"कॅचरने झेलायचं असतं. बघत काय बसतोस?"

मी परत जाऊन उकिडवा बसलो. त्या डावात आम्ही सहा धावा दिल्या आणि मालिका गेली.

आमच्यात एक प्रघात आहे. मालिका संपली की दोन्ही टीम मैदानाजवळच्या हॉटेलात एकत्र मिसळ खातात. आम्हाला ना संघटना, ना कमिटी, त्यामुळे पुढच्या वर्षीचे नियमही तिथेच ठरतात, हात वर करून. कोणीही नियम सुचवावा, दोन्ही टीमने मत द्यावं. मत सगळ्यांचं सारखं. एकदा मैदानावरच्या कुत्र्याने बॉल पळवला तर काय, यावर मतदान झालं होतं आणि त्यावर पाऊण तास वाद झाला होता.

या वेळी मिसळ यायच्या आतच म्हाताऱ्या पिचरांचा विषय निघाला. तो दरवर्षीच निघतो. आमच्या कप्तानाने सुरुवात केली. "तुमच्या पिचरने बॉल सोडला की बॅटर चहा पिऊन येतो. आल्यावर साखर कमी होती म्हणून तक्रारही करतो."

"अन् तरी तुमचे लोक आउट व्हत्यात," त्यांचा कप्तान म्हणाला. "ते कसं काय?"

"कंटाळून होतात."

सगळे हसले, हार्डवेअरवालेही हसले. मग त्यांचा कप्तान मास्तरकडे वळला. "चेष्टा सोडा, पण मास्तर अजून वाघ हाय. पहिल्या तीन डावांत आमचा एकबी माणूस पुढं सरकला नाय. पुढच्या वर्षीबी तुम्हीच पायजे बरं का, मास्तर. तुमच्याबिगर मजा नाय."

मास्तर खुलला. इतका खुलला की मला त्याच्याकडे बघवेना. ज्यांनी तासाभरापूर्वी त्याची पिसं काढली होती, तेच त्याला वाघ म्हणत होते आणि याला ते खरं वाटत होतं. अरे, ते कशाला म्हणतील तू थांब म्हणून? त्यांना तुझ्यासारखा दुसरा कुठे मिळणार? आमची टीमही काही कमी नव्हती. आमच्यात खराडीच्या एका कंपनीत काम करणारा एक तरुण आहे, तो दुसरा पिचर व्हायला हवा. तो बशीत फरसाण ओतून घेत म्हणाला, "सर, सीरियसली, तुमचा एक्सपीरियन्स कोण रिप्लेस करणार? आणि माझ्या शिफ्टचं तर काही फिक्स नसतं." म्हणजे याला रविवारी लवकर उठायचं नव्हतं.

मास्तर डाव्या हाताने मिसळ खात होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला. टेबलाभोवतीच्या वीस-बावीस माणसांपैकी एकाच्याही ते लक्षात येऊ नये? की येत होतं आणि गिळत होते? मला राहवेना.

"मला एक नियम मांडायचाय," मी उभा राहून म्हणालो. "पन्नाशीच्या वरच्या माणसाने एका मॅचमध्ये तीन डावांपेक्षा जास्त पिचिंग करायचं नाही. दोन्ही टीमना लागू."

तीनच डाव टाकायचे म्हटलं की हा अपमान वाटून आपणहून सोडेल, असा माझा हिशोब होता. शिवाय नियम दोघांना लागू, म्हणजे आधी कोण थांबणार हा प्रश्नच मिटला. मला हा हिशोब फार हुशारीचा वाटला होता.

मास्तरने चमचा खाली ठेवला. "हे माझ्यासाठी आहे."

"पन्नाशीच्या वरच्या सगळ्यांसाठी आहे."

"तू माझा कॅचर आहेस की त्यांचा?"

"तुझाच आहे, म्हणून बोलतोय. तुझ्या बॉलमध्ये आता काही राहिलेलं नाही. मला कळतं. माझ्या हाताला कळतं. हे लोक तुला खूश ठेवतायत आणि तू खूश होतोयस."

एवढं बोलायचं नव्हतं. पण ते खरं होतं आणि किती दिवस तोंडात धरायचं? हार्डवेअरवाले पाव कुस्करत राहिले.

"घ्या मतदान," मास्तर म्हणाला. आवाज वर्गातला. "घ्या ना. प्रघात आहे."

त्यांचा कप्तान अवघडून उभा राहिला. "नियमाच्या बाजूनं कोण?"

माझा हात वर गेला. दुसरा एकही नाही. आमच्या कप्तानाने माझी नजर टाळली. खराडीवाला मोबाइल बघत होता.

"विरोधात?"

हडपसरचे हात भराभर वर गेले, हार्डवेअरवाल्यांचाही. आमच्या बाजूचेही गेले. मग मास्तरने स्वतःचा हात उचलला. डाव्या हाताने काम भागलं असतं, पण त्याने उजवाच उचलला. सवय असेल, किंवा मला दाखवायचं असेल. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. सकाळच्या गोळीचा असर संपला असावा. त्याने पुन्हा जोर केला, मानेच्या शिरा फुगल्या, हात तिथून हलला नाही. मग त्याने डाव्या हाताने उजवं कोपर खालून धरलं आणि ढकलत ढकलत हात वर नेला, कानाच्या उंचीपर्यंत. तसाच धरून बसला.

"मी विरोधात," तो म्हणाला.

आधी हार्डवेअरवाल्यांनी आपला हात खाली घेतला. ते मास्तरकडे बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग त्यांच्या शेजारच्याने घेतला. मग आमच्या कप्तानाने, मग खराडीवाल्याने. एकेक हात खाली आला. माझ्या मनासारखं होत होतं. वहिनींना फोन करून सांगावं असंच होत होतं, आणि मला ते टेबल उलटवून टाकावंसं वाटत होतं.

"झालं," मी म्हणालो. "घे खाली आता."

"आधी मोजा," मास्तर म्हणाला. "विरोधात किती, ते मोजा."

हडपसरचा कप्तान उभाच होता. त्याने सगळ्या टेबलावरून नजर फिरवली, मग खाली बघितलं.

"एक," तो म्हणाला.