नावांची वही

कुमुदबाई तोंडवळकर आपल्या भावाची ओळख करून देताना आवाज जराही खाली आणत नसत. जोगेश्वरीच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा खिडकीपाशी एक उंच, दाढी वाढलेला माणूस बसला होता. "हा वसंत, माझा धाकटा भाऊ. याला स्किझोफ्रेनिया आहे. कानात आवाज येतात, म्हणून मध्येच कुणाला तरी उत्तर देतो. घाबरू नकोस. चहात साखर किती?" सगळं एका दमात. दारात उभ्या शेजारणीनं पदर तोंडाला लावला. बाई तिच्याकडे वळल्या. "तुमच्या ह्यांचा मधुमेह तुम्ही सगळ्यांना सांगता ना? तसंच हे."

एशियाडनंतर घरोघर रंगीत टीव्ही येऊ लागले, त्या सुमाराची ही गोष्ट. घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात बाई मनोविकारतज्ज्ञ होत्या. आजार घराण्यात कसा उतरतो आणि मेंदूत त्याची काही खूण दिसते का, हे त्या शोधत होत्या. त्यासाठी रुग्णांच्या घरी जाऊन वंशवेल काढायची: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल त्याचा आकार काळा. मग ज्यांची तयारी असेल त्यांना रविवारी शहरात नेऊन सीटी स्कॅन करायचा, कारण मशीन बाईंना तेवढ्याच दिवशी मिळे. घरोघर फिरायला त्यांना समाजसेविका हवी होती.

मुलाखतीत "तुला काही विचारायचंय?" असं त्यांनी म्हटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, रक्तात असतं म्हणजे नक्की काय असतं? आमच्या मानखुर्दच्या शाळेतले मास्तर म्हणायचे, तुमच्या लोकांच्या रक्तातच अभ्यास नाही. मग मी एमएसडब्ल्यू कशी झाले?"

बाजूचे दोन डॉक्टर खुर्चीत चुळबुळले. बाईंनी चष्मा काढला. "नाव काय म्हणालीस? सुजाता? उद्यापासून ये. हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याच्या हातात मी हे तक्ते देणार नाही."

संतापल्या की बाई मालवणीत शिरत. कुणी विधान ठोकून दिलं की टेबलावर बोट आपटून विचारत, "पुरावो खंय आसा?" स्वतःलाही त्या सोडत नसत. मनासारखा आकडा आला की तो तीनदा तपासत. "आवडलेल्या उत्तरावर जास्त संशय घ्यायचा गो," असं म्हणत.

इस्पितळातल्या डॉक्टरांची महिन्याला एक सभा व्हायची. एकदा बाईंनी दिव्याच्या पेटीवर मेंदूच्या दोन फिल्म शेजारी शेजारी लावल्या. म्हणाल्या, "यातला एक मेंदू स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचा आहे. कुठला?" शहरातून एक मोठे मेंदूतज्ज्ञ पाहुणे आले होते. ते उठले, जवळ जाऊन बघितलं आणि डाव्या फिल्मवर पेन टेकवलं. "हा. मधल्या पोकळ्या बघा ना किती रुंद आहेत."

"नक्की, सर?"

"शंभर टक्के."

"तो माझा आहे. उजवीकडचा माझ्या भावाचा."

बाई शांतपणे पुढे बोलत राहिल्या. "खूप रुग्णांची सरासरी काढली तर पोकळ्या रुंद निघतात, हे मीच मोजलंय. पण एका माणसाची फिल्म बघून त्याच्या कपाळावर शिक्का मारायचा अधिकार त्यातून मिळत नाही." पाहुणे चहाला थांबले नाहीत. त्यानंतर त्यांच्या इस्पितळातलं रविवारचं मशीन बाईंना मिळणंही अवघड झालं.

आमच्या तक्त्यांवर फक्त आकडे असत. कुठला आकडा कुणाचा, हे एकाच वहीत होतं, आणि ती बाईंच्या कपाटात कुलपात असे. इस्पितळाच्या एका विश्वस्तांच्या मुलाचं मुलुंडच्या एका मुलीशी लग्न ठरलं. त्या घरी इस्पितळातून कुणीतरी बाई येऊन जाते, असं त्यांच्या कानावर आलं. ते थेट आमच्या खोलीत आले.

"डॉक्टर, वही दाखवा. एकच नाव बघायचंय."

"नाही दाखवणार."

"मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे माझ्या!"

"मग मुलाला मुलीशी बोलायला सांगा. सांगायचं असेल तर ती सांगेल. मी सांगणार नाही."

विश्वस्त हसले. "कपाट इस्पितळाचं, वही इस्पितळाची. सोमवारी मी कुलूप तोडायला माणूस आणतोय."

शनिवारी दुपारी बाईंनी मला दार लावून घ्यायला सांगितलं. बादलीत पाणी भरलं, वही पानापानानं फाडली आणि बुडवली. शाईनं लिहिलेली अक्षरं सुटू लागली, पाणी निळं झालं. दहा वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासून आजार कसा सरकतो ते बघायचं, हा सगळ्या कामाचा गाभा होता. नावांशिवाय ते आता कधीच होणार नव्हतं. मला रडू आवरेना.

"सहा वर्षं पाण्यात गेली बाई!"

"गेली," त्या लगदा पिळत म्हणाल्या. कोपरापर्यंत हात निळे झाले होते. "पण त्या लोकांनी मला दार उघडलं होतं गो."

सोमवारी बाईंना काढून टाकलं. मंगळवारी विश्वस्तांनी मला बोलावलं. "घरोघर तुम्हीच फिरलात. नावं आठवत असतील."

"मला काही आठवत नाही," मी म्हणाले. नाव मिळालं नाही, तरी माझी खाली गेलेली मान बघून ते खूश दिसले. नोकरी राहील म्हणाले.

संध्याकाळी हे बाईंना सांगितलं. मला वाटलं, पाठ थोपटतील. त्या भडकल्या. "खोटं कशाला बोललीस? तू घाबरलीस असं तो समजला. उद्या असाच दुसऱ्या पोरीला दमात घेईल. आठवत नाही काय! आठवतं, पण सांगत नाही, असं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विश्वस्तांसमोर उभी राहिले. "काल मी खोटं बोलले. मला सगळं आठवतं. सांगणार नाही." दुपारपर्यंत माझीही नोकरी गेली. ती मुलगी वहीत होती की नव्हती, ते मी इथेही लिहिणार नाही.

बाईंनी घरातल्याच बाहेरच्या खोलीत दवाखाना थाटला, मला मदतीला घेतलं; पुढे हाताखाली एक तरुण डॉक्टरही येऊ लागली. दारावर पाटी लावली: 'मानसिक आजारांवर उपचार'. चाळीतली मंडळी तक्रार घेऊन आली. मुलींची लग्नं जमायची आहेत, निदान अक्षरं तरी लहान करा म्हणाली. बाईंनी पेंटरला बोलावून ती दुप्पट मोठी करून घेतली. रुग्ण येत राहिले. आधी मागच्या गल्लीतून, मग पुढून.

तीन वर्षांनी एका सकाळी बाई झोपेतच गेल्या. गावाहून चुलतभाऊ आले. अग्नी कोण देणार याची कुजबुज सुरू झाली. वसंताला काय कळतंय, असं कुणीतरी म्हणालं. कित्येक दिवस न बोलणारा वसंत उठला. "ती माझी भैण. मीच देतलंय." त्यानं सगळं नीट केलं, एकदाही चुकला नाही.

घरी आल्यावर त्यानं आंघोळ केली, आपली गोळी घेतली आणि मला विचारलं, "उद्या दवाखानो उघडूचो मां?"

बाहेर लोक अजून कुजबुजत होते. मी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "हो. नऊ वाजता."