थंड इंजिनाची साक्ष

आमच्या धंतोलीच्या घरमालकांइतका संशयी माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नव्हता. देवावर त्यांचा विश्वास होता, पण देव्हाऱ्यालाही कुलूप होतं. उमरेडच्या कोष्ट्याच्या घरातला मी पहिला बी. ए. झालेला. खोली मागायला गेलो, तेव्हा पदवीचा कागद त्यांनी उजेडात धरून उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "खरा दिसते. पण खरा दिसते तोच नीट पाहावा लागते." मला राग आला. त्या कागदासाठी माझ्या बापाने मागावर बसून पाठ वाकवली होती. पण खोली मिळाली, आणि त्या दिवसापासून मालक मला "बीए" अशीच हाक मारू लागले.

त्यांचं आयुष्य लकडगंजच्या एका आरामशीनवर देखरेख करण्यात गेलेलं. करवतीचा सूर जरा बदलला, की ओंडक्यात खिळा आहे हे ते पाठमोरे उभे राहून सांगत म्हणे. नोकरी सुटली तरी कान कामावरच राहिले, आणि ते त्यांच्या जुन्या काळ्या मोटारीच्या वाट्याला आले. पौषातल्या थंडीत भल्या पहाटे ते डोक्याला मफलर गुंडाळून बाहेर येत, बॉनेटवरचं पोतं काढत, आणि रात्री बॉनेटला बांधलेला दोरा कोणी तोडला तर नाही ना, ते पाहत. मग बंबातलं गरम पाणी रेडिएटरमध्ये, चोक बाहेर, आणि साऱ्या घराला हुकूम: गप्प! नळ बंद, शेजाऱ्यांचं खाकरणं बंद, दूधवाल्याने फाटकाबाहेरच थांबायचं. हँडल मी मारायचो, माझ्या बी. ए.चा एवढा एक उपयोग त्यांना मान्य होता. इंजिन धडधडलं, की चुलीच्या फुंकणीचं एक टोक त्याला आणि दुसरं कानाला लावून मालक डोळे मिटत. आतून, धुरातून, मालकीणकाकू ओरडत, "चहा पाहिजे का आवाज पाहिजे, एक काय ते ठरवा! फुंकणी द्या माही!"

"टकटक ऐकू येते, बीए?"

"येते. पण इंजिन गरम झालं की जाईल."

"तेच तर! गरम झाल्यावर सगळेच गोड बोलतात. खरं काय ते थंडीतच समजते."

आवाज आला की त्यांना बिघाड नव्हे, माणूस दिसे. कुईकुई झाली तर पट्टा विकणारा दुकानदार, फटफट झाली तर पेट्रोलमध्ये रॉकेल घालणारा कोणीतरी. मेकॅनिकचं तर नावच नको. "तो एक आवाज नेते आन् दुसरा ठेवून जाते." एकदा आतून खडखड ऐकू आली. मेकॅनिकने सायलेन्सरमध्ये गिट्टी टाकली, असा आरोप झाला. शोधता शोधता सीटखाली मालकांचाच अडकित्ता सापडला. मी हसलो, तर म्हणाले, "हसू नका. तिथं ठेवला कोणी, ते सांगा." आणि एखाद्या सकाळी मोटार पहिल्याच हँडलला निमूट सुरू झाली, की त्यांचा चेहरा पडे. "काहीतरी लपवून राहिली."

पुढे त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला सक्त मनाई केली. डॉक्टर कोणाला तरी मिळालेले आहेत, या संशयात काही दिवस गेले. शेवटी काकूंनीच मोटार विकायचं ठरवलं. "उभी राहून राहून माती होईन तिची." मालकांनी अट घातली: गिऱ्हाइकाने यायचं ते सकाळच्या थंडीतच.

पहिला आला एक ठेकेदार. मी हँडल मारलं. तो म्हणाला, "वा! एक आवाज नाही." मालकांनी किल्ली खिशात टाकली. दुसरा भिवापूरचा मिरचीचा व्यापारी. त्याला मालकांनी स्वतःच सांगितलं, "टॅपेट वाजून राहिलं, ही टकटक ऐका ना!" तो म्हणाला, "असू द्या जी, गाडी म्हटली का वाजतेच." तोही परत गेला.

काकूंनी कपाळाला हात लावला. "असा कसा विकणारा तुम्ही? घेणाऱ्याले खोट दिसत नाही, आन् तुम्ही बोट लावून दाखवता!"

"ज्याले ऐकू येत नाही त्याच्या हाती देऊ? चार दिवसांत मारून टाकीन तो तिले."

तोवर मला वाटत होतं, या माणसाचं मोटारीशी वैर आहे.

तिसरे आले सावनेरचे एक मास्तर, बायकोला घेऊन. मास्तर मोटारीचा रंग वाखाणत होते. बाई शाल लपेटून बाजूला उभ्या होत्या. इंजिन सुरू झालं तशी त्यांनी मान तिरपी केली.

"थांबा जी. आतून हे टकटक काय करून राहिलं? आन् हे आम्हाले आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्हाले ऐकू आलं?" मालकांचा आवाज बारीक झाला.

"मंग? मी काय बहिरी आहो?" चोराकडे पाहावं तसं बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

मालकांनी फुंकणी त्यांच्या हातात दिली. मग दोघं बॉनेटवर वाकून किती वेळ ऐकत होते, आणि मास्तर बिचारे थंडीत हात चोळत उभे. मालक सरळ झाले, ते किल्ली बाईंच्या हातात ठेवूनच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो, तेव्हा मालक मफलर गुंडाळून मोटारीच्या रिकाम्या जागेपाशी उभे होते. नळ मोकळा वाहत होता. कोणाला गप्प राहायचं कारण उरलं नव्हतं.

"बीए, थांबा. तुमच्या सायकलची चेन वाजून राहिली."

चेनला मी कालच तेल दिलं होतं. तिचा काही आवाज नव्हता. मी सायकल स्टँडवर लावली आणि पॅडल हळूहळू फिरवू लागलो. मालक कमरेत वाकले, कान पुढे केला, डोळे मिटले. ऑफिसची वेळ टळून गेली, तरी मी फिरवत राहिलो.