काकांचा गप्प झालेला स्कॅनर

मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. आमच्या घरी याला चांगलं वळण म्हणायचे. मोठ्या माणसानं आग्रहानं वाढलेली पोळी निमूट खायची, त्यांनी सांगितलेल्या चुकीच्या पत्त्यावर निमूट जायचं आणि परत आल्यावर ‘जरा शोधावं लागलं’ एवढंच म्हणायचं. पुण्यात या भिडस्तपणानं कुणाचं फारसं बिघडलं नाही. लंडनच्या स्टॅनमोर भागात बिघडलं. तिथं एक वडील पोलिसांच्या रेडिओवर आपला घर सोडून गेलेला मुलगा शोधत होते. तो रेडिओ आता पोलिसांचं काहीच ऐकवणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि तरी चार महिने मी त्यांना केबल आणि एरियल बदलून देत राहिलो.

हे दोन हजार पाचच्या आसपासचं. मी वर्क व्हिसावर आलो होतो आणि वेम्बलीत ईलिंग रोडच्या मागे एका खोलीत राहत होतो. इथले पोलीस तेव्हा आपले जुने वायरलेस सोडून नव्या डिजिटल यंत्रणेवर जात होते, आणि त्या यंत्रणेच्या हँडसेटमधलं सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. दिवाळीला एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन मराठी मंडळींचा कार्यक्रम झाला. फराळाच्या रांगेत माझ्यापुढे उंच, नीट टाय बांधलेले एक गृहस्थ होते. निवृत्त भूलतज्ज्ञ, तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत काढलेले. मी रेडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर त्यांच्या हातातली चकली तशीच राहिली.

“मग शनिवारी घरी ये,” ते म्हणाले. “माझ्या स्कॅनरला महिनाभर रिसेप्शनच नाहीये. जेवायलाच ये.”

स्कॅनर म्हणजे एकेक फ्रिक्वेन्सी चाचपत जाणारा आणि जिथं कुणी बोलत असेल तिथं थांबणारा रेडिओ. विमानं, टॅक्सीवाले, जहाजं, सगळं ऐकू येतं. पोलिसांचं बोलणं ऐकणं कायद्यानं गुन्हा होता, पण हौशी लोक सर्रास ऐकत. हे काका मात्र ‘इथं गाडी थांबवू नका’ सांगणाऱ्या दुहेरी पिवळ्या रेघेवर एक मिनिटही गाडी न थांबवणारे. ते हा एकच कायदा का मोडत होते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी आपलं म्हटलं, रिटायर्ड माणूस आहे, छंद असेल.

पहिल्या शनिवारी त्यांनी मला वरच्या छोट्या खोलीत नेलं. टेबलावर स्कॅनर, शेजारी पाण्याचा ग्लास, एक वही आणि टोक काढलेल्या पेन्सिली. त्यांनी बटण दाबलं. आकडे भराभर पळाले आणि पळतच राहिले. पोलिसांच्या एकाही चॅनेलवर ते थांबेनात. मला त्याच क्षणी कळलं.

पूर्वी प्रत्येक विभागाला आपली ठरलेली फ्रिक्वेन्सी असे. ती सापडली की बसा ऐकत. नव्या यंत्रणेत तसं नव्हतं. बँकेत आता प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग नसते, एकच रांग असते आणि जी खिडकी मोकळी होईल तिथं पुढचा माणूस जातो, तसं आता एक कॉम्प्युटर प्रत्येक बोलण्याला त्या क्षणी रिकामी असलेली जागा देत होता. तेवढंच असतं तर कुणीतरी हुशार स्कॅनर काढला असता. पण शब्द आकड्यांत बदलून त्यांना कुलूप घातलेलं होतं. बाहेरच्या माणसाला फार तर एक गुरगुर ऐकू आली असती. आणि ते कुलूप नीट बसतं की नाही, हे तपासणाऱ्यांत मीही होतो.

यात गुपित असं काही नव्हतं. लोकल पेपरातसुद्धा बातमी येऊन गेली होती. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं तर काका माझ्याकडे बघत होते, वॉर्डाबाहेर नातेवाईक डॉक्टरकडे बघतात तसे. खालून काकू थालीपीठं तयार असल्याचं सांगत होत्या. मी म्हटलं, “आधी केबल बघू या.”

केबल खरंच जुनी होती, एवढाच माझ्या मनाला आधार. पुढच्या खेपेला मी नवी केबल ओढली. मग एरियल छपराखालच्या लॉफ्टमध्ये नेलं. तिथं थंडीसाठी अंथरलेल्या काचेच्या लोकरीवर पालथा पडून मी वायरी बांधत होतो, काका शिडीवरून टॉर्च धरत होते, आणि नंतर दोन दिवस माझं अंग खाजत राहिलं. ते मला शिक्षा म्हणून बरं वाटलं. दर एक-दोन शनिवारांनी मी जायचो, काहीतरी बदलायचो, जेवायचो आणि डबा घेऊन परत यायचो. एकदा स्कॅनर थांबला आणि एक बाई बोलू लागली. काकांनी माझा दंड घट्ट धरला. “आलं बघ,” ते म्हणाले. ती एजवेअरच्या मिनीकॅब ऑफिसातली बाई होती. कुणातरी ड्रायव्हरला सांगत होती की गिऱ्हाइकाजवळ दोन सुटकेसेस आहेत. काकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मग माझा दंड सोडला.

ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी ते खाली फोनवर होते आणि मी ती वही उघडली. माझा आगाऊपणाच. मला वाटलं फ्रिक्वेन्सी लिहिल्या असतील. आत पानंच्या पानं माणसं होती. पोलिसांच्या बोलीत आपल्या वर्णाच्या माणसाला आयसी-फोर म्हणतात. काकांनी रेडिओवर ऐकलेला प्रत्येक आयसी-फोर पुरुष लिहून ठेवला होता. वय तीसच्या आसपास, काळा कोट, स्टेशनच्या जिन्यावर बसलेला. वय पस्तीस, दाढी, स्वतःशी बोलतोय. वय तीस, उंच, पायात बूट नाहीत. काहींच्या पुढे बारीक अक्षरात ‘जाऊन आलो, नाही’ असं लिहिलं होतं. सत्तरीचा तो माणूस रेडिओवर वर्णन ऐकून गाडी काढायचा आणि त्या त्या रस्त्यावर जाऊन बघून यायचा.

मी वही मिटली आणि खाली गेलो. स्वयंपाकघरात काकू कोथिंबीर निवडत होत्या. माझा चेहरा बघून त्यांना काय ते समजलं.

“आम्ही सगळ्यांना मुलगा कॅनडात आहे म्हणून सांगतो,” त्या म्हणाल्या. “तो कॅनडात नाहीये.”

त्यांचा एकुलता एक मुलगा. शिकताना मनाचा आजार सुरू झाला. गोळ्यांनी बरं वाटायचं, बरं वाटलं की तो गोळ्या सोडायचा. दोन वर्षांपूर्वी काका चिडून म्हणाले होते, या घरात राहायचं तर गोळ्या घ्याव्या लागतील. त्यानं शांतपणे पिशवी भरली आणि तो गेला. पोलिसांकडे त्यांनी नोंद केली नव्हती. आधी वाटलं आठवड्यात येईल. मग इतके दिवस का थांबलात याचं उत्तर द्यावं लागेल म्हणून नाही. शिवाय डॉक्टरचा मुलगा, त्या आजाराची चौकशी, ओळखीपाळखीत चर्चा. “हे म्हणतात, पोलिसांना तो दिसला तर आपल्याला ऐकू येईलच,” काकू म्हणाल्या आणि पुन्हा कोथिंबीर निवडू लागल्या.

त्या दिवशी तरी मी सांगायला हवं होतं. आजवर अनेकदा मी स्वतःची बाजू घेऊन पाहिली आहे. आधीच्या शनिवारांसाठी काही कारणं सापडतात, या शनिवारसाठी एकही सापडत नाही. मला वाटलं, स्कॅनर कायमचा गेला असं सांगणं म्हणजे त्यांच्या हातून मुलगाच काढून घेणं. ते सांगणारा मी कोण? ही दया नव्हती. मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता, एवढंच. मी तसाच निघून आलो.

जानेवारीत तर खरं सांगायला त्यांनीच मला दार उघडून दिलं. नव्या कनेक्टरवर चिकटपट्टी गुंडाळताना अगदी सहज विचारलं, “हे डिजिटल डिजिटल म्हणतात, त्याचा काही संबंध असेल का रे?”

मी म्हटलं, “बघू.”

मार्चच्या एका शनिवारी मी पोचलो तर घरामागे शिडी लावलेली आणि काका तिच्या तिसऱ्या पायरीवर. काखेत एरियल, खिशात पाना. एरियल चिमणीला बांधायचं म्हणत होते, उंची वाढवली की येईल. पाऊस पडून गेलेला, कौलं ओली. हा माणूस आता माझ्यामुळे पडून मरेल हे मला लख्ख दिसलं.

“काका, खाली उतरा.”

“दोन मिनिटं. क्लॅम्प टाइट केला की झालं.”

“एरियलचा दोष नाहीये. पोलीस त्या चॅनेलवर नाहीतच. ते नव्या सिस्टिमवर गेलेत आणि ती कुठल्याच स्कॅनरवर ऐकू येत नाही. कधीच येणार नाही.”

त्यांनी काखेतलं एरियल काढून पायरीवर ठेवलं. मग म्हणाले, “म्हणजे केबल, एरियल, सगळं ठीक होतं.”

“हो.”

“तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. माझं कामच ते आहे.”

मला वाटलं रागावतील. त्यांनी रागवावं असंच मला हवं होतं. ते खाली उतरले, शिडी मिटून गॅरेजमध्ये ठेवली आणि हात धुतले, ऑपरेशनआधी धुतात तसे कोपरापर्यंत. वर जाऊन कोट आणि टाय घालून आले. काकूंकडून मुलाचा फोटो मागून घेतला आणि मला म्हणाले, “पोलीस स्टेशनला जातोय. बरोबर येतोस का?”

काउंटरवरची बाई मोठ्या मायेनं बोलत होती. नाव, जन्मतारीख, उंची, आजार. काका एकेक उत्तर देत होते. शेवटी तिनं विचारलं, इतके दिवस कळवलं का नाहीत. काकांनी फोटो सरळ केला, पुन्हा सरळ केला.

“आय वॉज लिसनिंग,” ते म्हणाले. “लिसनिंग फॉर हिम.”

तिला ते कळलं नाही. तिनं मान हलवून काहीतरी लिहून घेतलं.

नवव्या दिवशी काकूंचा फोन आला. दोन पोलीस येऊन, टोप्या काढून, बैठकीच्या खोलीत बसून गेले होते. मुलगा नॉटिंगहॅमला होता. एका हॉस्टेलमध्ये खोली होती, वर्षभर गोळ्याही नियमित घेत होता. जानेवारीत न्यूमोनिया झाला. अकरा दिवस तो हॉस्पिटलमध्ये होता, त्यातले पहिले सहा शुद्धीवर. जवळचं कुणी आहे का विचारलं तर घरचे आता वाट बघत नाहीत असं म्हणाला. हॉस्पिटलनं पोलिसांकडे चौकशी केली होती. या नावाचा कुणी हरवल्याची नोंद नव्हती. जानेवारी संपता संपता तो गेला. दहनासकट पुढचं सगळं कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं केलं.

स्टॅनमोरहून नॉटिंगहॅमचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. जुनी यंत्रणा चालू असती तरी नाही, चिमणीवर काय, आणखी शंभर फूट उंच खांबावर एरियल लावलं असतं तरी नाही. हेही मला पहिल्या दिवशी सांगता आलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

एप्रिलमध्ये आम्ही तिघं नॉटिंगहॅमला गेलो. वॉर्डातल्या सिस्टरनं वेळ काढून माहिती दिली. काका तिला कोणती अँटिबायोटिक दिली, व्हेंटिलेटरवर कधी घेतलं, ऑक्सिजन किती होता, असं विचारत राहिले. आयुष्यभर परक्या माणसांच्या उशाशी बसून त्यांचा श्वास मोजलेला माणूस तो. सिस्टर म्हणाली, तो कधी कधी आमच्याशी एका वेगळ्याच भाषेत बोलायचा, आम्हाला कळायचं नाही. काकूंनी तेव्हा भिंतीला हात टेकला. अस्थी नव्हत्याच. दहनभूमीच्या बागेत गुलाबांच्या वाफ्यात राख विखुरली होती, पण नेमकी कुठे ते तिथल्या माणसाला सांगता येईना. काका सगळ्या वाफ्यांपुढे थोडं थोडं थांबले.

परतताना मोटरवेवर चहाला थांबलो. काकूंनी डब्यातून पोळीभाजी काढली, कुणी खाल्ली नाही. मला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाला नको तो प्रश्न विचारला.

“काका, मी नोव्हेंबरातच सांगितलं असतं तर?”

ते चहा ढवळत होते. साखर त्यांनी घातलीच नव्हती.

“तर काही नाही,” ते म्हणाले. “मी कुठला जातोय पोलिसांकडे? तेवढी हिंमत नव्हती माझ्यात. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

काकू खिडकीबाहेर गाड्या बघत होत्या. मी मान हलवली आणि बरं म्हटलं. मला वाईट वाटू नये म्हणून ते खोटं बोलत होते. मी खरं सांगितलं त्या दिवशी शिडीवरून उतरून कोट घालायला त्यांना अर्धा तासही लागला नव्हता, आणि हे त्या टेबलावर आम्हा तिघांनाही माहीत होतं.