जगदीशभाऊंच्या नावाने लागलेलं लॉक

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही, हे आधीच सांगून टाकते. मी प्रोग्रामर आहे. मशीन वेडंवाकडं वागलं की कुठेतरी माणूस चुकलेला असतो, एवढं साधं माझं गणित. तरी हे लिहितेय, कारण जे झालं ते मी एकटीने पाहिलेलं नाही.

मी तळोद्याला राहते, घरूनच काम करते. आमची नंदुरबारची छोटी कंपनी केळी पिकवायच्या चेंबरचे कंट्रोलर बनवते. बंद खोलीत केळी पिकताना आतली हवा माणसाच्या श्वासाला चालेनाशी होते. म्हणून आधी मोठा पंखा फिरतो, ती हवा बाहेर काढतो, मगच दाराचं इलेक्ट्रिक लॉक सुटतं. हा प्रोग्राम जगदीशभाऊंनी लिहिलेला. आमच्यात सगळ्यात मोठे. गेल्या हिवाळ्यात हार्ट अटॅकने गेले...

सगळं जग गिट नावाच्या नव्या सिस्टीमवर गेलं, भाऊंचा कोड मात्र एसव्हीएनमध्येच राहिला. एसव्हीएन म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल ऑफिसच्या सर्व्हरवर जपून ठेवणारी जुनी सिस्टीम. तिच्यात एखादी फाइल आपल्या नावाने लॉक करता येते. मग दुसऱ्याला तिच्यात बदल चढवता येत नाही. भाऊ हे सगळं काळ्या खिडकीत कमांड टाइप करून करायचे. मला त्याचा कंटाळा. मी एसव्हीएन माझ्या कोड एडिटरलाच जोडायचं ठरवलं. एक्स्टेंशन टाकलं, एसव्हीएनचा पाथ दिला, सर्व्हरवरून कोड उतरवला... जेवायच्या आत काम फत्ते! एका फालतू फाइलमध्ये बदल करून चढवून पाहिला — एका क्लिकमध्ये गेला.

मग खरं काम. तापीकाठच्या एका गावातले हिरालालभाऊ आमचे जुने ग्राहक. त्यांनी नवा, दुप्पट मोठा पंखा बसवला होता आणि सारखे मागे लागले होते, "ताई, पंखानी वाट कितली देखानी? दार लगेच उघडाले जोयजे." पंखा मोठा आहे, हवा झटकन निघेल, असा विचार करून मी पंख्यासाठी थांबायची अट काढून टाकली. बदल सर्व्हरवर चढला की तो आपोआप त्यांच्या कंट्रोलरवर जाणार होता. मी बटण दाबलं.

"फाइल लॉक आहे — जगदीश."

मी हसले. जुनं राहिलं असेल. घरूनच सर्व्हरवर लॉगिन करून ते लॉक जबरदस्तीने तोडलं. लॉक सुटल्याचा मेसेज आला. पुन्हा बटण दाबलं... पुन्हा तेच. जगदीश.

आता हे शक्यच नव्हतं. भाऊंचं युजरनेम मी स्वतः सर्व्हरवरून काढून टाकलं होतं. ऑफिसातल्या वैशालीला फोन लावला. म्हटलं, सर्व्हरसमोर बस आणि तू तोड. तिने तोडलं.

"सुटलं बघ," ती म्हणाली. मग जराशाने, "अगं... परत लागलं. मी हातसुद्धा लावला नाहीये."

"कोणाच्या नावाने?"

"तुला माहितीये कोणाच्या."

तेवढ्यात हिरालालभाऊंचा फोन. "ताई, दार उघडी नही ऱ्हायनं! गाडी उभी शे, मजूर उभा शेतस. तुन्हं नवं टाकाई गयं का?"

माझ्याकडून काहीच गेलं नव्हतं. म्हणजे तिकडे जुनाच प्रोग्राम चालू होता, आणि तो दार सोडत नव्हता. का? मी त्यांना म्हटलं, "भाऊ, पंखा फिरतोय का ते आधी बघा. आवाजावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा." आणि स्कूटी काढली.

मी पोचले तेव्हा पंख्याची जाळी उघडून ठेवलेली. मोटर घरघरत होती, पट्टा तुटून खाली पडलेला. पाती जागची हललीच नव्हती. नुसती मोटर नाही, पाती खरोखर फिरल्याशिवाय दार सोडायचं नाही, ही भाऊंची अट — तीच मी दुपारी काढून टाकली होती. माझा बदल गेला असता तर दार लगेच उघडलं असतं.

हिरालालभाऊ कपाळाला हात लावून बसले. "मी आते बालूले मझार धाडणार व्हतू..." आत जायला निघालेला तो मजूर, बालू, बाजूलाच क्रेट घेऊन उभा होता. त्याला मी आधी दारापासून लांब व्हायला सांगितलं.

तिथूनच वैशालीला फोन केला. ती म्हणाली, लॉक गेलंय. कोणी काढलं माहीत नाही.

नंतर मी सगळं तपासलं. एक्स्टेंशन, कॅशे, पासवर्डची फाइल, सर्व्हरचा लॉग. आम्ही दोघींनी लॉक तोडल्याचं लॉगमध्ये दिसतं. ते परत लागल्याचं कुठेच नाही. सर्व्हरचं घड्याळ बरोबर, एक्स्टेंशन आजही मी तेच वापरते, एकदाही असं झालेलं नाही. माझं काम मला येतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण याचं उत्तर मला सापडलेलं नाही. तो बदल मात्र मी त्याच दिवशी पुसून टाकला.

सांगू की नको करत शेवटी भाऊंच्या घरी गेले. वहिनींनी शेंगा निवडत सगळं ऐकून घेतलं. म्हटलं, "वहिनी, हे असं कसं झालं असेल?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "माणूस वाचना ना? मंग तुले आखो काय जोयजे, बाई?"