दाण्याचा आवाज

वैरणीच्या ज्वारीचं बी साठवायचं गावाचं कोठार मावशींच्या ताब्यात. पोतं आत घेण्याआधी त्या दाणा दाताखाली धरत. कट् वाजलं तर आत, नुसता दबला तर पोतं परत उन्हात.

एकदा या कटकटीला वैतागून मी दमट पोतं घरीच ठेवलं. पेरणीला उघडलं, तर सगळ्या बियांना बुरशी. मावशी आधी मला गाढव म्हणाल्या, मग स्वतःच्या डब्यातलं बी दिलं. त्या वर्षी माझ्या म्हशी त्याच बियांच्या वैरणीवर जगल्या.

आता मावशींच्या तोंडाचं बोळकं झालंय. काल पोतं घेऊन गेलो, तर त्यांनी दाणा माझ्याच हातावर ठेवला.

"चाव तू," म्हणाल्या. "ऐकायला मी आहे अजून."