दाब उतरेपर्यंत

समुद्राच्या तळाशी असलेल्या चिखलाचं तापमान आणि त्यातल्या पाण्याचा दाब मोजणं हे माझं काम. भाल्यासारखी लांब पोलादी सळई जहाजावरून तारेने खाली सोडतात आणि ती स्वतःच्या वजनाने चिखलात रुतते. रुतताना घासून तापते, शिवाय भोवतालच्या पाण्यावर जास्तीचा दाब आणते. हे दोन्ही उतरेपर्यंत तिला हलवायचं नाही. सळई लवकर निवते. दाबाला वेळ लागतो.

त्या सफरीत शेवटच्या जागी समुद्र खवळायला लागला होता. सळई कधी उपसायची ते मी सांगायचं होतं. कप्तानांनी दोनदा विचारलं. तापमान स्थिरावलं होतं, दाब अजून उतरत होता, आणि मला सकाळपासून उलट्या होत होत्या. मी म्हटलं, उपसा. वहीत दाबापुढे ‘स्थिर’ असं लिहिलं.

आठवड्याभराने तंजावरला घरी आले. अहवाल घरूनच लिहायचा होता. तिण्णैवर, म्हणजे आमच्या दारच्या ओट्यावर, कागद पसरून बसले होते. अप्पा, माझे वडील, शेजारी येऊन बसले. त्यांनी ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत जन्मभर जमिनीचे नकाशे काढले. माझं शास्त्र त्यांना कळत नाही, पण रेघ कळते. त्यांनी शेवटचा आलेख उचलून डोळ्यांजवळ धरला.

“ही अजून उतरतेच आहे की गे,” ते म्हणाले.

मी म्हटलं, जवळजवळ थांबली आहे. त्यांनी विचारलं, हा आकडा कोण वापरणार? मी सांगितलं, त्या उतारावरून केबल टाकायची आहे. चिखलातल्या पाण्याचा दाब जितका जास्त तितका उतार घसरायचा धोका जास्त.

तेव्हा अप्पांनी एक गोष्ट सांगितली. मी ती कधी ऐकली नव्हती. पापनाशमजवळ एका पाटाची हद्द त्यांनी उन्हाला कंटाळून न चालताच कागदावर ओढली होती. त्यावरून दोन भावांत भांडण लागलं. नकाशा पुढे दुरुस्त झाला, पण ते भाऊ अजून एकमेकांच्या घरी जात नाहीत. एवढं सांगून ते कॉफी करायला आत गेले.

मी तिथूनच आमच्या सफरीच्या प्रमुख बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“तेव्हाच का बोलली नाहीस?” त्यांनी विचारलं.

“लाज वाटली. सगळे माझ्यासाठी थांबलेत असं वाटत होतं.”

“थांबण्यासाठीच तर गेलो होतो आपण,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. त्यांनी तो आकडा अहवालातून काढायला लावला, आणि का काढला तेही माझ्याच शब्दांत लिहायला सांगितलं. चार ओळी लिहायला मला सबंध संध्याकाळ लागली.

पुढच्या सफरीत सळई पुन्हा त्याच जागी रुतवली. उपसायचं ठरवणं या वेळी माझ्याकडे नव्हतं. मी नुसती आकडे वाचत होते. सबंध दुपार गेली तेव्हा दाब स्थिरावला, माझ्या जुन्या आकड्यापेक्षा बराच खाली. उतार मी लिहिला होता त्याहून भक्कम निघाला. बाईंनी तो आकडा वहीत उतरवला, मला सही करायला सांगितली आणि जेवायला घेऊन गेल्या.