चोरून भरवलेला शिरा

अमरावतीच्या दवाखान्यात मी एक येडपटपणा केला. स्वाइन फ्लूने गाल बसलेल्या, व्हेंटिलेटरवरून नुकत्याच सुटलेल्या नवऱ्याला मी चोरून शिरा भरवला.

कारण तिथली सिस्टर. किती वाळले ते पाहायला रोज टेपने यांचा दंड मोजून वहीत लिहायची, नाकातल्या नळीतून पातळ जेवण सोडायची आणि कानाशी वाकून म्हणायची, "काका, जेवून राहिले ना?" चाळीस वर्षं यांना मी जेवू घातलं, आणि यांची भूक आता हिच्या वहीत. साठीची मी, पंचविशीच्या पोरीवर जळत होते.

शिरा घशात अडकला, हे निळे पडले. तिनेच धावत येऊन मशीनने घास ओढून काढला. मग घाम पुसत मला म्हणाली, "काकू, डॉक्टर हो म्हणतीन तवा घट्ट पेज आणा, अन् तुमीच भरवा. डोळे उघडले की ते तुमालेच शोधतात, माझ्याकडे पाहतबी नाहीत."